ब्लॅक कोहॉशच्या दोन बाटल्या आणि कॅलेंडरवरच्या खुणा

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी पाळी पूर्ण थांबली आणि जानेवारीपासून अंगातून वाफा निघण्याचा त्रास वाढला. मैत्रिणींच्या गटात ज्या गोळीचे नाव वारंवार निघत होते, ती ब्लॅक कोहॉशची कॅप्सूल मी दोन वेगवेगळ्या उत्पादकांकडून मागवली, एकूण पंचाहत्तर दिवस घेतली आणि त्याआधी, त्या काळात व त्यानंतर रोज नोंद ठेवली. रत्नागिरीसारख्या ठिकाणी हे उत्पादन दुकानात सहजी मिळत नाही, ऑनलाइन मागवावे लागते, आणि मागवताना बाटली हातात घेऊन वाचता येत नाही. म्हणून दोन्ही बाटल्यांवर काय लिहिले होते, आत काय होते आणि मला काय जाणवले, हे सविस्तर लिहीत आहे. कंपन्यांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण लेबलावर काय पाहावे हे कळले तर नावावाचूनही निवड करता येते.

प्रथम वनस्पतीविषयी, कारण बहुतेक जाहिराती तिच्याविषयी एका वाक्यापलीकडे काही सांगत नाहीत. ब्लॅक कोहॉश ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील, विशेषतः अ‍ॅपलाचियन डोंगररांगेतील पानझडी जंगलांच्या सावलीत वाढणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. आपल्या घाटातील मोरवेल जिच्या कुळात मोडते, त्याच कुळातील ही. स्वयंपाकघरातील कलौंजी आणि जहाल विषारी बचनागही याच कुळातले, तेव्हा या घराण्याच्या मुळांना आणि बियांना गुण आहेत आणि त्यांच्याशी जपून वागायला हवे, हे आपल्याकडे नवीन नाही. उन्हाळ्यात तिचा पांढरा तुरा माणसाच्या उंचीपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. त्या फुलांना पाकळ्या नसतात. कळी उमलताच बाहेरची दलेही गळून पडतात आणि उरतो तो केवळ पुंकेसरांचा झुपका, त्यामुळे सगळा तुरा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसतो. औषधात फूल वापरत नाहीत, जमिनीखालचे गाठाळ, काळपट खोड आणि मुळे वापरतात. नावातील ‘ब्लॅक’ या काळ्या खोडावरून आले आणि ‘कोहॉश’ हा तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील, खडबडीत अशा अर्थाचा शब्द आहे. यातील बराचसा माल आजही जंगलातून खणून आणला जातो, आणि जमिनीखालचा गड्डा काढायचा म्हणजे झाड जाते. विकत घेताना हा विचार माझ्या मनात होता.

तिच्या शास्त्रीय नावाची गोष्ट बाटली निवडताना थेट उपयोगी पडते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला अ‍ॅक्टिया रेसिमोसा म्हटले, १८१८ मध्ये नटॉल या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला सिमिसिफ्यूगा या प्रजातीत नेले आणि १९९८ मध्ये अभ्यासकांनी ती पुन्हा अ‍ॅक्टियात आणली. त्यामुळे एका उत्पादकाच्या लेबलावर अ‍ॅक्टिया रेसिमोसा आणि दुसऱ्याच्या लेबलावर सिमिसिफ्यूगा रेसिमोसा असे दिसले तरी वनस्पती एकच. सिमिसिफ्यूगा या शब्दाचा अर्थ ढेकूण पळवणारी. ‘रेसिमोसा’ हे तुऱ्यावरून पडलेले विशेषण आपल्या शतावरीच्या शास्त्रीय नावातही आहे, आणि तेवढ्यावरून एका मैत्रिणीने ‘म्हणजे ही तिकडची शतावरीच’ असा समज करून घेतला होता. दोन्ही वनस्पतींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

मागवण्याआधी मी शहरातील औषधांच्या दोन दुकानांत विचारले. पहिल्या दुकानात नाव ऐकलेले नव्हते. दुसऱ्या दुकानातील मुलाने मोबाइलवर शोधून मला होमिओपॅथीची छोटी बाटली पुढे केली आणि म्हणाला, “काकू, हेच ते, सिमिसिफ्यूगा. याच झाडाचं.” झाड तेच होते, हे त्याचे खरे, परंतु बाटलीवर ३० ही शक्ती होती, म्हणजे मूळ अर्क शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा विरळ केलेला, आणि इतक्या विरळ द्रवात मूळ पदार्थाचा एखादा रेणूही शिल्लक राहण्याची शक्यता जवळजवळ नसते. मला हवा होता तो मोजून घातलेला अर्क. ज्यांना होमिओपॅथी घ्यायची आहे त्यांनी जरूर घ्यावी, परंतु नावाच्या साम्यामुळे एक वस्तू समजून दुसरी घरी आणू नये.

त्यानंतर मी माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, आणि हे पाऊल मी उचलले याचे मला आजही समाधान वाटते. त्यांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितले, कारण घाम आणि धडधड यांमागे दुसरेही कारण असू शकते. मग मी कॅप्सूलचा विषय काढला. त्या म्हणाल्या, “घ्यायचंच ठरवलं असेल, तर आधी एलएफटी करून या, महिन्याने पुन्हा करा, आणि लघवी पिवळी दिसली किंवा भूक गेली तर त्याच दिवशी बंद करा.” एलएफटी म्हणजे यकृताची रक्ततपासणी. ब्लॅक कोहॉश घेणाऱ्या काही स्त्रियांना यकृताचा गंभीर विकार झाल्याच्या नोंदी जगभरातून आल्यामुळे २००६ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने सावधगिरीची सूचना काढली आणि ऑस्ट्रेलियातही लेबलावर इशारा छापणे बंधनकारक झाले. प्रत्येक प्रकरणात दोष या मुळीचाच होता की बाटलीत मिसळलेल्या दुसऱ्या कशाचा, हे सिद्ध झालेले नाही. असे प्रकार विरळ आहेत. तरीही साडेपाचशे-सहाशे रुपयांच्या तपासणीत निर्धास्त होता येत असेल, तर ती टाळू नये.

आता पहिली बाटली. किंमत ६४९ रुपये, ६० कॅप्सूल, दिवसातून दोन. पार्सल पाच दिवसांत आले. बाटली सुबक होती, झाकणाखाली चांदीच्या कागदाचे सील होते, वर जांभळ्या फुलाचे चित्र होते. ते फूल ब्लॅक कोहॉशचे नव्हते, कारण तिचा तुरा पांढरा असतो, आणि माझ्या मनात पहिली शंका तेथेच आली. लेबलावर मोठ्या अक्षरात ‘ब्लॅक कोहॉश ५०० मिग्रॅ’ होते. भिंगाखाली धरून मी संपूर्ण मजकूर वाचला. शास्त्रीय नाव कोठेही नव्हते. मूळ वापरले की पाने, याचा उल्लेख नव्हता. ५०० मिलिग्रॅम ही वाळवलेल्या मुळीची पूड आहे की अर्क, हेही कळत नव्हते. आणि या दोहोंत मोठा फरक आहे, कारण अर्काची नेहमीची मात्रा दिवसाला सुमारे ४० मिलिग्रॅम वनस्पतीइतकी धरतात. यकृताबद्दल अवाक्षर नव्हते. एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक मात्र होता. तो अन्नपदार्थांच्या परवान्याचा असतो. त्या क्रमांकामुळे उत्पादन पूरक आहार म्हणून विकले जाते एवढे समजते, ते औषध म्हणून तपासून सिद्ध झाले आहे असा त्याचा अर्थ नाही.

मी एक कॅप्सूल बशीत उघडून पाहिली. आत फिकट तपकिरी, अगदी बारीक पूड होती. बोटाला लावून चाखली तर कडूपणा जेमतेम लागला. या मुळीची चव कडू आणि तुरट असते, असे वर्णन सर्वत्र आढळते. चवीवरून निवाडा करता येत नाही हे मान्य. परंतु मी कंपनीला ई-मेल करून चार साधे प्रश्न विचारले: शास्त्रीय नाव कोणते, कोणता भाग, पूड की अर्क, आणि ओळख पटवण्याची चाचणी केली आहे का. उत्तर अकराव्या दिवशी आले. त्यात उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक असल्याचे आणि पुढील खरेदीवर सवलत मिळणार असल्याचे लिहिले होते. चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

माझा आग्रह कोणाला अनाठायी वाटेल, म्हणून त्यामागचे कारण सांगते. अ‍ॅक्टियाचे भाऊबंद आशियातही आहेत. चीनमध्ये त्यांची मुळे तेथील पारंपरिक औषधात वापरतात, आपल्या हिमालयातही त्यांतील एक जात वाढते, आणि वाळवून पूड केल्यावर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्लॅक कोहॉशच्या नावाने विकली जाणारी ३६ उत्पादने डीएनए चाचणीने तपासली, तेव्हा त्यांतील ९ उत्पादनांत अमेरिकन वनस्पतीऐवजी आशियाई जाती निघाल्या. चारांत एक. जेथे हे झाड जंगलात उगवते त्या देशात ही अवस्था असेल, तर सात समुद्रांपलीकडून पूड मागवून येथे कॅप्सूल भरणाऱ्या उत्पादकाने निदान शास्त्रीय नाव तरी छापावे, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

नोंद ठेवण्याची माझी पद्धत साधी होती. स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या कॅलेंडरात, तारखेच्या चौकोनात, प्रत्येक वाफेला पेन्सिलीने एक उभी रेघ. कॅप्सूल सुरू करण्याआधी दोन आठवडे मी केवळ रेघा मारल्या. यात कोकणातील बाईपुढे एक अडचण येते, ती कोणत्याही परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही. फेब्रुवारी सरला की किनाऱ्यावरील हवा दमट होते आणि मार्च-एप्रिलमध्ये घाम प्रत्येकालाच येतो. मग वाफ कोणती आणि हवेचा घाम कोणता, हे ओळखायचे कसे?

मला त्याचे उत्तर आंब्याच्या खोलीत मिळाले. एप्रिलमध्ये आम्ही घरातील पेटीभर हापूस पेंढ्यात घालून आढी लावतो. त्या दिवशी मी उकिडवी बसून एकेक फळ देठ खाली करून ठेवत होते. खोलीत वारा नव्हता. कपाळावर, पाठीवर, मानेमागे घाम केव्हापासूनच होता आणि तो सर्वांनाच होता. अचानक छातीच्या मध्यभागी, गळ्याखाली, निखारा फुंकल्यासारखी ऊब उठली, ती गळ्यातून कानशिलांपर्यंत चढली, चेहरा तापला, हातातील आंबा निसटेल असे वाटले, आणि तीन-चार मिनिटांनी सगळे ओसरून दंडांवर काटा आला. बाहेर ३३ अंश तापमान असताना मला थंडी वाजली. हवेचा घाम चढत नाही आणि ओसरतही नाही, तो नुसता असतो. वाफेला सुरुवात असते, वर चढण्याची दिशा असते आणि शेवटी हुडहुडी असते. ही खूण सापडल्यावर माझ्या रेघा मला अधिक भरवशाच्या वाटू लागल्या. रात्रीच्या वाफांना मात्र मी सकाळी आठवून रेघा मारत असे, त्यामुळे तेथे चूक असू शकेल.

दुसरी बाटली पहिली संपल्यानंतर दहा दिवसांनी मिळाली, कारण पार्सल कोल्हापुरात अडकले होते. १२० कॅप्सूल, १,७४० रुपये, दिवसातून दोन. एका कॅप्सूलला साडेचौदा रुपये पडले, पहिल्या बाटलीत सुमारे अकरा पडले होते. या बाटलीवर सिमिसिफ्यूगा रेसिमोसा हे नाव, त्यापुढे कंसात अ‍ॅक्टिया रेसिमोसा हे नाव, ‘मूळ व भूमिगत खोड’ हा उल्लेख, प्रत्येक कॅप्सूलमध्ये २० मिलिग्रॅम अर्क, त्यातील ट्रायटर्पीन ग्लायकोसाइडांचे (अर्काची ताकद ज्यांवरून मोजतात त्या घटकांचे) अडीच टक्के प्रमाण, बॅच क्रमांक आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये असा स्पष्ट इशारा होता. सलग सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये, हेही छापले होते. ही मर्यादा जर्मनीच्या कमिशन ई या समितीने १९८९ मध्ये घातली होती. कॅप्सूल उघडल्यावर पूड गडद तपकिरी आणि उग्र कडू निघाली, इतकी की जिभेवरची चव घालवायला मला आमसुलाचा तुकडा चघळावा लागला. या कंपनीने माझ्या प्रश्नांना दुसऱ्या दिवशी उत्तर दिले आणि त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवालही पाठवला.

आता कॅलेंडर काय सांगते ते. सुरू करण्यापूर्वीच्या १४ दिवसांत ९८ रेघा होत्या, म्हणजे दिवसाला सरासरी ७. पहिल्या बाटलीच्या शेवटच्या १४ दिवसांत ९१. दुसरी बाटली मी ४५ दिवस घेतली, तिच्या शेवटच्या १४ दिवसांत ७०, म्हणजे दिवसाला ५. येथपर्यंत पाहिले तर दुसऱ्या बाटलीचा गुण आला असे कोणीही म्हणेल, आणि मीही घरी तसेच सांगितले होते. परंतु कॅप्सूल बंद केल्यानंतरच्या १४ दिवसांत, मे महिन्याच्या ऐन उकाड्यात, ६८ रेघा निघाल्या. गोळी थांबली तरी वाफा वाढल्या नाहीत. याचे सरळ कारण असे असू शकते की त्या आपोआपच कमी होत होत्या आणि त्या काळात मी योगायोगाने कॅप्सूल घेत होते.

मोठ्या अभ्यासांतही याहून वेगळे चित्र नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ४५ ते ५५ वयाच्या ३५१ स्त्रियांना वर्षभर वेगवेगळ्या गटांत विभागून पाहिले. ब्लॅक कोहॉश घेणाऱ्यांत आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. संप्रेरके घेणाऱ्या गटात मात्र, दिखाऊ गोळीच्या तुलनेत, दिवसाकाठी सरासरी चार वाफा कमी झाल्या. महत्त्वाची गोष्ट ही की दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचा त्रासही काळाबरोबर उतरला होता. पुढे २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १६ चाचण्या आणि २,०२७ स्त्रियांची माहिती एकत्र पाहिली गेली, आणि ही मुळी घ्या असे म्हणण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. चाचण्यांमध्ये वापरलेले अर्क आणि मात्रा एकसारख्या नव्हत्या, हीदेखील त्यातील अडचण होती. त्यातले काही अर्क चांगले असूही शकतील. जर्मनीत १९५६ पासून एक अर्क विकला जातो आणि तेथील अनेक स्त्रिया तो घेतात. अमेरिकेत तर लिडिया पिंकहॅम यांनी १८७५ मध्ये बाजारात आणलेल्या स्त्रियांच्या काढ्यातही ही मुळी होती. दीर्घ वापर हा आदराचा विषय आहे, परंतु माझ्या भिंतीवरच्या रेघा त्याने बदलत नाहीत.

त्रास म्हणाल तर पहिल्या बाटलीत काही जाणवला नाही. दुसऱ्या बाटलीच्या पहिल्या आठवड्यात पोटात किंचित ढवळत असे, जेवणानंतर घ्यायला लागल्यावर ते थांबले. दोन्ही वेळच्या यकृताच्या तपासण्या सामान्य आल्या. झोपेत फरक पडला नाही. कोकमाचे सरबत, सुती साडी आणि संध्याकाळचा चहा बंद करणे यांनी रात्रीच्या वाफा जितक्या सुसह्य झाल्या, तितक्या कॅप्सूलने झाल्या असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. डॉक्टरांनी आता संप्रेरकांच्या उपचाराबद्दल सविस्तर माहिती दिली आहे, माझी मॅमोग्राफी झाली आहे आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी आम्ही निर्णय घेणार आहोत.

गुण द्यायचे झाल्यास पहिल्या बाटलीला पाचपैकी एक, तोही वेळेवर आलेल्या पार्सलसाठी. ज्या वस्तूवर तिचे स्वतःचे नाव पुरते छापलेले नाही, ती औषध म्हणून पोटात घालावी असे मी कोणालाही सांगणार नाही. दुसऱ्या बाटलीला तीन. तिचा उत्पादक सचोटीने वागला, त्याने जे विकले ते काय आहे हे मला कळले आणि न घेण्याची कारणेही त्याने स्वतःच छापली. गुण आला नाही हा त्या वनस्पतीच्या मर्यादेचा भाग झाला. तरीही मी ती पुन्हा मागवणार नाही.

दुसऱ्या बाटलीत तीस कॅप्सूल उरल्या आहेत. शेजारच्या वहिनींनी त्या मागितल्या, पैसेही देऊ केले. त्यांना चार वर्षांपूर्वी कावीळ झाली होती, म्हणून मी बाटली दिली नाही. लेबलावरचा इशारा त्यांना वाचून दाखवला आणि माझ्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली.